कधी लागतो, कधी लागत नाही: जुन्या गाडीच्या बेभरवशी ब्रेकचं मूळ कसं शोधायचं

ब्रेक पूर्ण गेलेली गाडी कोणी रस्त्यावर काढत नाही. पण एकदा पेडल खाली गेलं, घाईघाईने पुन्हा दाबलं आणि ब्रेक लागला, अशी गाडी लोक महिनोन्महिने चालवतात. गॅरेजमध्ये नेली की ब्रेक उत्तम लागतात. मिस्त्री एक फेरी मारून येतो, "काही नाही, हवा धरली असेल" म्हणतो, ब्रेकच्या पाइपातली हवा काढून देतो. आठ दिवस बरे जातात आणि मग नेमकं उतारावर पुन्हा तेच होतं.

माझं स्पष्ट मत आहे की अशा गाडीत आधी हवा काढणं हीच मोठी चूक आहे. हवा काढली की पुरावा जातो आणि दोष तिथेच राहतो. हायड्रॉलिक ब्रेक, म्हणजे पायाचा जोर ऑइलच्या दाबाने चाकापर्यंत नेणारे ब्रेक, लहरीपणाने वागत नाहीत. ठरावीक परिस्थिती जुळली की दोष दिसतो, नाही जुळली की दिसत नाही. ती परिस्थिती कोणती, हे आधी शोधायचं आणि पान्याला हात नंतर लावायचा.

हा लेख मारुती 800, जुनी झेन, सँट्रो, इंडिका अशा गाड्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे: पुढे डिस्क (पॅड जिला दोन्ही बाजूंनी पकडतात ती चकती), मागे ड्रम (ज्याला लायनर आतून घासतात ते भांडं), एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही. चारही चाकांना ड्रम असलेल्या त्याहून जुन्या गाड्यांनाही यातलं बरंचसं लागू पडतं.

गाडी आधी उभी करा

कारण सापडेपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका. "सावकाश चालवतो" हा उपाय नाही. गॅरेज लांब असेल तर गाडी टोचन करून न्या, पण दोरीने ओढून नव्हे. ज्या गाडीच्या ब्रेकचा भरवसा नाही ती दोरीच्या मागे तुम्हाला थांबवता येणार नाही. चाकं उचलून नेणारी क्रेन मागवा.

आणि चालत्या गाडीत पेडल खाली गेलंच, तर पाय पूर्ण उचलून भराभर दोन-तीनदा दाबा. पुष्कळदा दुसऱ्या-तिसऱ्या दाबाला थोडा ब्रेक मिळतो. त्याच वेळी एकेक करून गिअर खाली आणा. हँडब्रेकच्या लिव्हरचं बटण दाबून धरा आणि लिव्हर हळूहळू ओढा. एकदम ओढला तर मागची चाकं जाम होऊन गाडी फिरते. चावी बंद करू नका. इंजिन बंद पडलं की बूस्टरमध्ये (वॅक्युमच्या ओढीने पायाचा जोर वाढवणारा डबा) एक-दोन दाबांपुरताच वॅक्युम उरतो, आणि चावी काढली तर स्टिअरिंग लॉक होऊ शकतं.

पेडल नेमकं कसं वागलं?

एक वही घ्या. ज्याच्या हातात गाडी होती त्याला बसवून विचारा, आणि "ब्रेक लागला नाही" एवढ्या उत्तरावर समाधान मानू नका.

पेडल तळाशी गेलं, की कडक होऊन वरच अडलं? मऊ, स्पंजसारखं लागत होतं का? एका झटक्यात खाली गेलं की पायाखालून हळूहळू सरकलं? दुसऱ्यांदा दाबल्यावर वर आलं का? त्याआधीची पाच-दहा मिनिटं गाडी कुठून चालली होती: घाट उतरत होती, खड्ड्यांतून आली होती, पाण्यातून गेली होती, की सिग्नलला उभी होती? जळका वास होता का? गाडी थोडा वेळ उभी ठेवल्यावर ब्रेक आपोआप बरे झाले का?

या उत्तरांतच निदान अर्ध्याहून जास्त होतं. सिग्नलला हलका पाय ठेवून उभे असताना पेडल सरकत गेलं तर मास्टर सिलिंडरवर (पेडलच्या जोराने पाइपांतलं ऑइल दाबणारा मुख्य सिलिंडर) संशय घ्या. उतारावर मऊ होऊन तळाशी गेलं आणि अर्ध्या तासाने परत आलं तर ब्रेक ऑइल उकळलं आहे. खड्ड्यांच्या रस्त्यानंतरचा पहिला दाब खोल गेला आणि दुसरा ठीक लागला तर व्हील बेअरिंग किंवा डिस्क पाहा. पेडल दगडासारखं कडक पण गाडी थांबेना, अशा वेळी बूस्टर तपासायचा किंवा पॅड-लायनर. मुसळधार पावसात किंवा गाडी धुतल्यावर फक्त पहिले एक-दोन दाब कमजोर लागत असतील तर बहुधा ड्रममध्ये पाणी आहे. चालत्या गाडीत हलका ब्रेक धरून लायनर वाळवले की ते जातं.

एक साधी गोष्ट सगळ्यांत आधी बघा. ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट वर सरकते का? सीटखाली पाण्याची बाटली असते का? पेडलच्या मागे घरंगळलेल्या बाटलीमुळेही ब्रेक "कधी कधी" लागत नाही. पेडल हाताने डावी-उजवीकडे हलवून पाहा. जुन्या गाडीत पेडलचं बुश आणि पुशरॉडची (पेडलचा जोर पुढे नेणारी दांडी) पिन झिजलेली असते, आणि पिनेची क्लिप निघून पडलेलीही मी पाहिली आहे.

उभ्या गाडीवरच्या चाचण्या

सपाट जागा, चाकांना दगड, गाडी गिअरमध्ये, इंजिन बंद.

बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची पातळी बघा. पातळी उतरली असेल तर भर घालण्याआधी खूण करा. पॅड झिजले की पातळी थोडी उतरतेच, पण मिनिमम रेघेच्या खाली गेली असेल तर गळती शोधायलाच हवी. चारही चाकांच्या आतल्या बाजू, मागच्या ड्रमची खालची कड, लोखंडी पाइप जिथे क्लिपांनी बॉडीला धरलेले असतात त्या जागा, आणि आत पेडलच्या वर फायरवॉलपाशी (इंजिन आणि केबिनमधली भिंत) हात फिरवून पाहा. कोकणात किंवा मुंबईत वाढलेल्या गाडीचे पाइप क्लिपखालीच गंजतात, वरून धडधाकट दिसतात. ड्रम काढून व्हील सिलिंडरचं (लायनर बाहेर ढकलणारा छोटा सिलिंडर) रबर बूट हलकेच उचलून आत ओल आहे का बघा. व्हील सिलिंडरची गळती बाहेर दिसण्याआधी बूटात साठते.

बाहेर कुठेच ओल नाही, तरी ऑइल कमी होतंय? मग ते बहुधा मास्टर सिलिंडरच्या मागच्या सीलमधून बूस्टरच्या पोटात जातंय. मास्टर सिलिंडरचे दोन नट सैल करून तो थोडा पुढे ओढला की मागे ओल दिसते. कधी बूस्टरमधलं ऑइल वॅक्युम पाइपातून इंजिनात ओढलं जाऊन सायलेन्सरमधून पांढरा धूरही येतो.

आता पेडल चार-पाच वेळा दाबून बूस्टरमधला वॅक्युम संपवा आणि पुढच्या गोष्टी करा.

पेडल भराभर दाबा. प्रत्येक दाबाला वर येत गेलं तर कुठेतरी पॅड-डिस्क किंवा लायनर-ड्रममध्ये जादा अंतर आहे किंवा पाइपात हवा आहे. दोन्हींत फरक असा: वर आलेलं पेडल टणक लागलं तर अंतर जास्त, मऊ लागलं तर हवा. मग हँडब्रेक ओढून पुन्हा एकदा पेडल दाबा. पेडलची उंची एकदम सुधारली तर दोष मागच्या ड्रममध्ये आहे, कारण हँडब्रेकने लायनर ड्रमच्या जवळ नेले. लायनर आणि ड्रममधलं अंतर राखणारे, आपोआप जुळणारे ॲडजस्टर जुन्या गाड्यांत गंजून अडकतात, लायनर झिजत जातात, आणि पहिला दाब सगळा ती पोकळी भरण्यात जातो. ड्रम काढून ॲडजस्टर साफ करा, फिरतो का बघा, नसेल तर बदला.

मास्टर सिलिंडर: मला सर्वांत जास्त संशय याचाच येतो

बाहेर थेंबभर गळती नाही, ऑइल भरलेलं, पेडल बहुतेक वेळा छान, तरी कधीतरी हळूच खाली जातं. अशा गाडीत मास्टर सिलिंडरच्या आतलं रबर वॉशर ऑइलला मागे सोडत असतं. ते ऑइल पुन्हा डब्यात येतं, म्हणून पातळी घटत नाही आणि कोणाला पत्ता लागत नाही.

हा दोष मधूनच का दिसतो, हे समजून घ्यायला हवं. वॉशरची कड ऑइलच्या दाबानेच फुलते आणि सिलिंडरच्या भिंतीला घट्ट बसते. जोरात ब्रेक मारला की दाब भरपूर, कड घट्ट, ब्रेक उत्तम. हळुवार पाय ठेवला की दाब थोडा, आणि झिजलेल्या कडेशेजारून ऑइल निसटतं. गॅरेजमधला माणूस तपासताना नेहमी जोरात दाबतो, म्हणून त्याला दोष सापडत नाही! शिवाय ऑइलमधल्या पाण्याने सिलिंडरच्या आत गंजाचे खड्डे पडतात, आणि वॉशर नेमका त्या खड्ड्यावर आला तरच गळतं. गाडी तापली की ऑइल पातळ होतं आणि गळती वाढते.

म्हणून चाचणी हलक्या पायाने करायची. इंजिन बंद, वॅक्युम संपवलेला. सिग्नलला उभे असताना ठेवतो तेवढाच दाब द्या आणि घड्याळ लावून दोन मिनिटं पाय स्थिर ठेवा. पेडल तसूभरही सरकता कामा नये. मग जोर वाढवा आणि पुन्हा बघा. हलक्या दाबाला सरकलं, जोराच्या दाबाला थांबलं, आणि बाहेर गळती नाही, तर निदान जवळजवळ झालं. हीच चाचणी गाडी अर्धा तास चालवून गरम केल्यावर करायला हवी, पण ते बंद आवारातच. इंजिन सुरू केल्याक्षणी पेडल थोडं खाली जातं ते बूस्टरमुळे. त्याला दोष समजू नका.

खात्रीची चाचणी अशी: मास्टर सिलिंडरला जोडलेले पाइप काढा, त्या जागी त्याच आट्याचे प्लग बसवा, आतली हवा काढा आणि पेडल दाबा. चांगला सिलिंडर असेल तर पेडल जेमतेम हलून भिंतीसारखं उभं राहतं. तरीही सरकलं तर दोष सिलिंडरमध्येच आहे, दुसरीकडे शोधायला नको. सरकलं नाही तर एकेक पाइप जोडत जा. ज्या पाइपाला पेडल मऊ होईल त्या शाखेत पुढे शोधा.

रबर किट टाकून भागवायचं की सिलिंडर बदलायचा? आतून बोट फिरवा. खरखर लागली किंवा खड्डे दिसले तर नवाच घ्या. खड्डे पडलेल्या सिलिंडरमध्ये नवं रबर थोड्याच दिवसांत कापलं जातं. आणि कोणी ब्रेकची रबरं पेट्रोलमध्ये धुताना दिसला तर त्याला थांबवा. ही रबरं पेट्रोल, रॉकेल, इंजिन ऑइल सहन करत नाहीत, फुगतात. ती ताज्या ब्रेक ऑइलनेच धुवायची.

घाट आणि उकळणारं ऑइल

महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना गाडी सुमारे 40 किलोमीटरांत 1,200 मीटरांहून अधिक खाली येते. मारुती 800 आणि आत चार माणसं धरली तर 900 किलोच्या वर वजन होतं. एवढं वजन तेवढ्या उंचीवरून उतरवताना जी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, ती 30 लिटर गार पाणी उकळायला पुरेल इतकी असते. काही वाटा वारा, टायर आणि इंजिन उचलतात. न्यूट्रलमध्ये उतरलात तर इंजिनाचा वाटाही ब्रेकवरच पडतो.

ब्रेक ऑइल हवेतला दमटपणा शोषतं. झाकणाच्या छिद्रातून आणि रबरी होजमधूनही पाणी आत जातं. नवं डॉट 3 ऑइल (डॉट हे ब्रेक ऑइलच्या दर्जाचं प्रमाण) किमान 205 अंशांपर्यंत उकळत नाही, 3.7 टक्के पाणी मुरलं की प्रमाणानुसार ही मर्यादा 140 अंशांवर येते. डॉट 4 साठी हेच आकडे 230 आणि 155. ऑइल उकळलं की पाइपात वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, त्यामुळे पेडल तळाशी जातं पण चाकापर्यंत दाब पोचतच नाही. गाडी थंड झाली की वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि ब्रेक जसेच्या तसे परत येतात. गॅरेजमध्ये दोष न सापडण्याचं हे दुसरं मोठं कारण.

डब्यातल्या ऑइलचा रंग पाहून निर्णय घेऊ नका. काळपट असेल तर बदलाच, पण स्वच्छ दिसणाऱ्या ऑइलमध्येही पाणी असू शकतं. पाणी मोजणारं पेनसारखं यंत्र बऱ्याच गॅरेजांत असतं. तेही नसेल आणि ऑइल शेवटचं कधी बदललं हे आठवत नसेल, तर बदलायची वेळ झालेली आहे. दर दोन वर्षांनी बदला. आपल्या पावसाळ्यात याला सवलत नाही. झाकणावर लिहिलेलं प्रमाणच वापरा. डॉट 5 हे सिलिकोनचं, वेगळ्याच जातीचं ऑइल आहे, ते यात मिसळायचं नाही. अर्धी वापरून कपाटात ठेवलेली बाटलीही नको.

घाटात पेडल टणक असूनही गाडी कमी थांबत असेल आणि जळका वास येत असेल तर ऑइल नव्हे, पॅड-लायनर तापलेत. उपाय चालवण्यात आहे: ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा.

सपाट रस्त्यावरच ऑइल उकळतंय?

हा प्रकार फसवा असतो. घाट नाही, ब्रेकही फार मारलेले नाहीत, तरी वीस-तीस किलोमीटरांनंतर पेडल मऊ. अशा वेळी एखादं चाक सतत ब्रेक धरून चालतंय. ऑइल बदलून हा दोष लांबतो, जात नाही.

ही गाडी रस्त्यावर चालवून तपासता येणार नाही, म्हणून ती जॅकवर घ्या, खाली घोडे (लोखंडी आधार) लावा. जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालायचा नाही. ब्रेक दाबून सोडा आणि चाक हाताने फिरवा. अडलं तर आधी मास्टर सिलिंडरवरचा त्या शाखेचा पाइप सैल करा. चाक सुटलं तर दोष वर आहे: पुशरॉडला थोडाही ढिलेपणा ठेवलेला नाही, किंवा ब्रेकलाइटचा स्विच पेडलला पूर्ण वर येऊ देत नाही, किंवा ऑइल परत येण्याचं बारीक छिद्र बुजलंय. पाइप सैल करूनही सुटलं नाही तर चाकावरचं निपल (हवा काढायचा स्क्रू) उघडा. आता सुटलं तर रबरी होज आतून फुगलेला आहे. पायाच्या जोराने ऑइल पुढे जातं, पण परत येताना अडतं. बाहेरून असा होज नवाकोरा दिसू शकतो. निपल उघडूनही चाक अडलेलंच, तर कॅलिपरचा (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) पिस्टन किंवा त्याच्या सरकत्या पिना गंजल्या आहेत. मागच्या चाकाला असेल तर हँडब्रेकची केबल बघा.

होज बदलताना डावा-उजवा जोडीने बदला.

खड्ड्यांनंतरचा पहिला दाब

बेअरिंग झिजलं असेल किंवा डिस्क वाकडी फिरत असेल तर खड्ड्यांत डिस्क पॅडना मागे ढकलते. पुढचा पहिला दाब ते पॅड जागेवर आणण्यात जातो. चाक उचलून वर-खाली धरून हलवा, ढिलेपणा जाणवतो. डिस्कचा वाकडेपणा डायल गेजने मोजतात, साधारण 0.1 मिलिमीटरच्या वर गेला तर डिस्क बदला. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते, त्याखाली लेथवर घासून घेऊ नका.

कडक पेडल

इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, मग दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल पायाखाली किंचित खाली गेलं तर बूस्टर काम करतोय. हललंच नाही तर वॅक्युम पोचत नाही. दुसरी चाचणी: इंजिन दोन मिनिटं चालवून बंद करा, पाच मिनिटं थांबा, पेडल दाबा. पहिला दाब मऊ असायला हवा. कडक लागला तर वॅक्युम कुठेतरी सुटतोय, आणि बहुधा एकतर्फी व्हॉल्व्ह किंवा पाइप कारणीभूत असतो. पाइप आतून सोलवटून गरम झाल्यावर चपटा होतो, तेव्हा दोष मधूनच दिसतो. सीएनजी किट बसवताना या पाइपाला जोड दिला असेल तर तो आधी तपासा. बऱ्याच जुन्या डिझेल गाड्यांत वॅक्युम पंप अल्टरनेटरच्या मागे असतो; पट्टा सैल झाला तरी ब्रेक कडक होतात.

हवा काढताना

शेवटी हवा काढायचीच आहे, पण नीट. उजव्या बाजूच्या स्टिअरिंगच्या गाडीत साधारण मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं असा क्रम असतो. गाडीच्या पुस्तकात वेगळा दिला असेल तर तो पाळा. जुना मास्टर सिलिंडर कायम असेल तर पेडल पार तळापर्यंत दाबू नका, खाली लाकडाचा ठोकळा ठेवा. रोजच्या वापरात वॉशर जिथे कधी जात नाही त्या भागात गंज असतो, आणि तळापर्यंत दाबलं की चांगलं रबरही फाटतं. हवा काढल्यानंतर दोन दिवसांत ब्रेक गेलेल्या कित्येक गाड्यांचं कारण हे असतं. रंगावर ऑइल सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

काम झाल्यावर हलक्या पायाची दोन मिनिटांची चाचणी थंड गाडीत आणि गरम गाडीत, दोन्ही वेळा करा. मग बंद मैदानात 10, नंतर 20 च्या वेगाने. ऑइलच्या डब्यावर पेनाने रेघ मारून ठेवा आणि पहिला आठवडाभर रोज सकाळी बघा. रेघ जागेवर राहिली आणि वहीतली ती परिस्थिती पुन्हा जुळवूनही पेडल खाली गेलं नाही, तरच गाडी घाटात न्या.